शेलूबाजारचं बिनमाणसाचं यान

१

शेलूबाजारच्या शाळेतून अवकाशयान चोरीला गेलं ही बातमी उकंडराव तायड्यांना शुक्रवारी सकाळी, दुसरा चहा बशीत ओतताना कळली. पहिल्या चहाला सगळं ठीक होतं. लेक वच्छला वाशीमच्या ट्रेनिंग कॉलेजातल्या गमती सांगत होती, आणि बायको भागिरथाबाई खुशीत होत्या. वच्छला कालच सुटीला घरी आल्यामुळे आज पहाटे उठून तिचा डबा करायचा आणि सातच्या गाडीला द्यायचा व्याप चुकला होता.

तेवढ्यात दारात गोविंदा खडसे सर येऊन उभे राहिले. एका पायात चप्पल होती, दुसरी वाटेत कुठंतरी राहिली असावी.

"काका, यान गेलं!"

"कुठी? वर?" उकंडरावांनी बशी खाली ठेवली नाही.

"चेष्टा नका करू, काका. चोरीले गेलं."

उकंडरावांकडं लोक असे धावत यायचे त्याला कारण होतं. तीस वर्षं त्यांनी खंडवा-पूर्णा गाडीच्या टपालडब्यात उभं राहून पत्रं निवडली होती. पेन्शनीत आल्यावर गावात कुणाचं काही हरवलं की ते आधी उकंडरावांकडं आणि मग देवाकडं जात. त्यांचं म्हणणं एकच असे. वस्तू हरवत नाही, ती चुकीच्या पोत्यात जाते, आणि पोतं सापडलं की वस्तूही सापडते.

प्रकरण असं होतं. रशियाची दोन माणसं दोन महिन्यांपासून वर अवकाशस्थानकात राहत होती, आणि जानेवारीत त्यांना खाणंपिणं, इंधन, पत्रं पोचवायला एक यान गेलं होतं. त्यात माणूस नव्हता. आपोआप गेलं, आपोआप जोडलं गेलं. खडसे सरांनी हे रेडिओवर ऐकलं, चार दिवसांनी पेपरात वाचलं, आणि तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्याचा नमुना करायचा ध्यास घेतला. प्रदर्शन उद्या, शनिवारी, शेलूबाजारच्याच शाळेत होतं. स्थानक डालड्याच्या मोठ्या डब्याचं होतं. यान मात्र हबीब टिनवाल्यानं खास बनवलं होतं. एकावर एक तीन खण, बाजूला कडी, वर निमुळतं टोपण. सर हट्टी असल्यामुळं आत खरा माल भरला होता. पाण्याची बाटली, सातवीच्या मुलांनी अंतराळवीरांना लिहिलेली पत्रं आणि खुद्द भागिरथाबाईंनी वळलेले शेंगदाण्याचे लाडू. "रशियाचे असोत की कुठले, उपाशी नका धाडू बिचाऱ्याईले," असं म्हणून त्यांनी चांगले डझनभर दिले होते.

"मंग माल उतरवल्यावर त्या यानाचं काय करतात?" वच्छलानं विचारलं.

"त्यात कचरा भरतात आणि सोडून देतात. खाली येता येता जळून जाते. मागच्याच आठवड्यात जळालं."

"बाई!" भागिरथाबाई म्हणाल्या. "ज्यातून जेवन आलं त्यात कचरा भरून धाडायचा?"

पण खडसे सरांचं लक्ष तिकडं नव्हतं. "काका, कुलूप तुटलेलं नाही. आणि हेडमास्तरांनी चोरही ठरवून टाकला."

"कोन?"

"हबीबभाई. चारच्या गाडीपर्यंत यान आलं नाही तर साडेचारच्या गाडीनं ते मंगरूळपीरले जाणार, पोलिसात."

उकंडरावांनी बशी खाली ठेवली. हबीबचा कंदील त्यांच्या घरात बावीस वर्षं जळत होता आणि एकदाही गळला नव्हता.

२

शाळेचा लांब ओटा रस्त्याला लागून होता, आणि त्याच्या कमरेइतक्या कठड्यासमोरच एस.टी. थांबायची. प्रदर्शनाला साहेब येणार म्हणून कठड्याला चुन्याचा ताजा हात दिला होता. उकंडराव तिथं टेकले आणि उठले तेव्हा धोतर मागून पांढरं झालं होतं.

"बसू नका जी, ओला हाय," शिपाई दौलतसिंग घाईनं म्हणाला. "रात्री दुसरा हात देल्ला. दवानं वाळलाच नाई."

दौलतसिंग राठोड मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा. आठ महिन्यांपूर्वी शाळेत लागला होता, अजून पक्का झाला नव्हता. बायको तांड्याबरोबर ऊस तोडायला गेली होती. गडी एकटाच राहायचा, चहा आणि फुटाण्यांवर दिवस काढायचा.

"सकाळी खोली कोनं उघडली?"

"म्या. सहाले. सारवलं, पुसलं, कुलूप लावलं."

"यान व्हतं?"

"व्हतं ना जी. फडक्यात बांधलेलं." हे सांगताना तो स्वतःच्या अंगठ्याकडं पाहत होता.

उकंडराव खोलीत गेले. जमीन छान सारवली होती, अगदी भिंतीपर्यंत. मधे मोठं टेबल, त्यावर डालड्याचं स्थानक बिचारं एकटं. उकंडराव खाली वाकले आणि टेबलाखाली हात फिरवला. तिथंही सारवण होतं, आणि टेबलाचे चारही पाय त्या सारवणावर उभे होते. ते काही बोलले नाहीत. टपालडब्यात बोलणाऱ्या माणसाची पत्रं चुकतात.

बाहेर चित्रकलेचे जगदेव मास्तर वाटच पाहत होते. त्यांचा धूपप्रतिबंधक बांधाचा नमुना यंदा मागं पडला होता, आणि ही गोष्ट त्यांनी गावात सगळ्यांना सांगितली होती.

"माह्यावर संशय घेसान तर घ्या," ते म्हणाले, "पन मी माह्या डोळ्यांनी पाह्यलं. पावणेसातले मी फळा रंगवाले आलो. हबीब इथंच कठड्याजवळ उभा. काखेत फडक्यात बांधलेलं, हातातही तसंच काहीतरी."

"आनि यान कसं व्हतं हो, मास्तर? तुमी तर रंगवलं त्याले."

"हबीबची अक्कल पाहा. यानाले खाली तीन पाय लावले, बोटभर टोकदार. मी म्हनलं, अरे, आकाशात जमीन कुठी हाय पाय टेकवाले? तर म्हनते, मास्तर, आकाशात नसन, टेबलावर तर उभं राह्यलं पाह्यजे!"

मास्तर हसले. उकंडरावही हसले, आणि तीन पाय त्यांनी मनात एका खणात टाकून ठेवले.

३

हबीबचं दुकान बाजारगल्लीत होतं. आज कातरीचा आवाज नव्हता. हबीब कोऱ्या पत्र्यासमोर नुसता बसला होता.

"या, उकंडभाऊ. चोराच्या दुकानात बसता का?"

"बसतो. तुही चटई चुन्याची तर नाई ना?"

हबीब हसला नाही. "आज जुम्मा हाय. नमाजाले कोन्त्या तोंडानं जाऊ? मशिदीत आख्खं गाव राह्यते. घरवाली अख्तरी सकाळपासून रडून राह्यली. माह्या बापानं या गावाले चाळण्या देल्ल्या, कंदील देल्ले, कोनाच्या घरातला एक खिळा नाई उचलला."

"सकाळी शाळेच्या ओट्यावर काहून गेलता?"

"डबा द्याले! माही बहीन मेहरबी वाशीमच्या दवाखान्यात नाई का, डोळ्याचं ऑपरेशन झालं. अख्तरी भाकर करते, मी सातच्या गाडीले डबा देतो. पंधरा दिवसांपासून चालू हाय."

"मास्तर म्हनते, हातात एकाहून जास्त गाठोडे व्हते."

"असतीनच. जो उभा असन त्यानं सारे डबे कंडक्टरले देनं, हे तुमाले नवीन हाय का? आज मी व्हतो. देल्ले उचलून."

हे खरं होतं. वाशीमला शिकणाऱ्यांचे आणि दवाखान्यात पडलेल्यांचे डबे कठड्यावर ठेवून लोक कामाला जात. डब्याबरोबर कुणी जात नसे आणि नावही कुणी लिहीत नसे. आपापलं फडकं जो तो ओळखायचा. शिकणारे आपला डबा वाशीमच्या स्टँडवर येऊन घेत, उरलेले दवाखान्याची आया घेऊन जाई, आणि चारच्या गाडीनं रिकामे परत येत.

"मेहरबीचं बरं हाय ना?"

"बरं हाय. पन पोटभर जेवत नाई. बाजूच्या खाटेवर कोनी म्हातारी हाय, शेलूबाजारचीच म्हनते, तिले कोनाचाच डबा येत नाई. दवाखान्याचा पाव-दूध खाते आनि नऊ वाजले का दाराकडं पाहत राह्यते. मेहरबी आपल्यातली अर्धी भाकर तिले देते." हबीबनं कातर उचलली आणि परत ठेवली. "उकंडभाऊ, मले खरं सांगा. तुमाले बी वाटते का?"

"चारच्या गाडीले ये ओट्यावर," उकंडराव उठत म्हणाले. "आनि नमाजाले जाय. तोंड आहे तेच घेऊन जाय, चांगलं हाय."

४

ओट्यासमोर लखमाबाईचं चहाचं दुकान होतं. गावात कोण कुठल्या गाडीनं गेलं आणि कुठल्या गाडीनं आलं, हे लखमाबाईला एस.टी.पेक्षा जास्त माहीत असे. दौलतसिंग दर रविवारी वाशीमला जाऊन संध्याकाळी गप्प गप्प परत येतो, हेही तिनं न विचारता सांगितलं. उकंडरावांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. पुढं याचाच त्यांना पस्तावा झाला.

"लखमाबाई, आज डबे किती गेले?"

"रोजच्यासारखे अकरा. हबीबभाईनं चढवले, कंडक्टरनं मोजले. तो मोठ्यानं मोजते, मले इथी आयकू येते. आनि त्या चुन्यानं साऱ्या फडक्याईचे बुडं पांढरे झाले, बाया बोंबलतीन आता."

उकंडरावांचा चहा हातातच राहिला.

"अकरा? नक्की?"

"मले अकरापर्यंत मोजता येते, भाऊ."

पंधरा दिवसांपासून रोज अकरा डबे जात होते, आणि त्यातला एक उकंडरावांच्या स्वतःच्या घरचा होता. वच्छला काल घरी आली. आज तिचा डबा गेलाच नव्हता. म्हणजे आज दहाच जायला हवे होते.

ते रस्ता ओलांडून कठड्याशी गेले, चष्मा पुसला, आणि वाकून पाहू लागले. ओल्या चुन्यावर डब्यांच्या बुडांच्या गोल खुणा उमटल्या होत्या, ओळीनं, आता वाळून पक्क्या झालेल्या. उकंडरावांनी त्या बोटानं मोजल्या. दहा नुसत्या गोल होत्या. अकराव्या खुणेत तीन बारीक खड्डे होते, बोटभर टोकदार पायांचे.

मागून खडसे सर आले. "काका, काही मिळालं?"

"मिळालं. चोरी हबीबनंच केली."

सरांचा चेहरा पडला. उकंडरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, पुरं तर आयक. पन आता नाई, चारले."

५

चार वाजता ओट्यावर हेडमास्तर, जगदेव मास्तर, खडसे सर आणि दौलतसिंग उभे होते. हबीब जरा बाजूला उभा होता, डोक्यावर नमाजाची टोपी तशीच. हेडमास्तरांनी पोलिसात द्यायचा अर्ज घडी करून खिशात ठेवला होता, अर्धा बाहेर, सगळ्यांना दिसेल असा.

"उकंडराव, वेळ झाली," ते म्हणाले.

"झाली. गाडी येईपर्यंत सांगतो." उकंडराव आज कठड्यापासून लांब उभे होते. "त्या खोलीत टेबलाखाली सारवलेलं हाय, आनि टेबलाचे पाय सारवणावर हायेत. टेबल जागेवर ठेवून असं सारवता येत नाई. म्हंजे टेबल हाललं, आनि टेबलावरचं सामान आधी बाहेर आलं. बाहेर ठेवाले जागा एकच, हा कठडा. फडक्यात बांधलेलं, तीन खणाचं, मालानं जड झालेलं यान इथी डब्याईच्या रांगेत बसलं. ते पाहा त्याच्या तीन पायांचे खड्डे."

जगदेव मास्तर वाकून पाहू लागले.

"सात वाजले, गाडी आली. हबीब उभा व्हता. त्यानं रांगेतले सारे उचलून देल्ले. आपल्या गावात कोनी डबा सोडून पाह्यते का? आज दहा डबे जाले पाह्यजे व्हते, माह्या पोरीचा कमी. गेले अकरा. हबीबनं स्वतः बनवलेलं यान स्वतःच्या हातानं वाशीमले रवाना केलं, आनि त्याले पत्ता नाई."

हबीबनं दोन्ही हात डोक्याला लावले. "या अल्लाह. जड लागलं मले. म्हनलं, कोन्या मायनं आज गोडधोड धाडलं!"

"पण दौलतसिंग तर म्हणतो..." हेडमास्तर वळले.

दौलतसिंग कठड्याला धरून उभा होता. चुना हाताला लागत होता, त्याचं भान नव्हतं.

"म्या ठेवलं व्हतं जी," तो म्हणाला. "सारवून पानी आनाले गेलो. आलो तं नव्हतं. वाटलं, सरानं नेलं असन. मंग बोंब झाली. मी पक्का नाई साहेब, काढून टाकसान म्हनून बोललो नाई."

हबीब बोलला, आवाज न चढवता.

"सकाळपासून मी चोर व्हतो, दौलत. तू पाहून राह्यला व्हता."

दौलतसिंगची मान वर आली नाही. उकंडरावांना त्याचा राग आला होता, खरा राग. भित्र्या माणसाच्या गप्प बसण्यानं दुसऱ्याचं किती जळतं, हे त्यांनी नोकरीत फार पाहिलं होतं.

"पण आहे कुठं यान?" हेडमास्तर म्हणाले.

"शिकनाऱ्याईनं आपापला डबा ओळखून नेला असन. उरलेले आयानं दवाखान्यात नेले. तिथी एक जास्त झाला. तिनं इचारलं असन, शेलूबाजारचं कोन बिनडब्याचं हाय? तर मेहरबीच्या बाजूले एक म्हातारी हाय..."

गाडी आली.

कंडक्टरनं रिकामे डबे खिडकीतून मोजत दिले. एक, दोन, तीन. खडसे सर बोटांवर सोबत मोजत होते. दहा झाले. कंडक्टर आत वळला.

"बस?" हेडमास्तरांचा हात खिशातल्या अर्जाकडं गेला.

"थांबा हो. हा येगळा ठेवला व्हता, आयानं हातात देल्ला. म्हनली, दौलतसिंग राठोडाले द्या."

फडकं तेच होतं, बुडाशी चुना लागलेलं. दौलतसिंगनं ते घेतलं पण त्याला गाठ सुटेना. ती हबीबनं सोडली. लाल पट्ट्याचं, तीन पायांचं यान संध्याकाळच्या उन्हात चमकलं, कुठं पोचाही नव्हता. वरच्या खणात लाडू नव्हते. त्या जागी दवाखान्याच्या पावाचे दोन तुकडे होते आणि सातवीतल्या कुणाचं तरी पत्र. पुढच्या बाजूनं मुलानं विचारलं होतं, 'काका, तुम्हाला वर घरची आठवण येते का?' मागच्या कोऱ्या बाजूवर नर्सच्या अक्षरात चार ओळी होत्या. दौलतसिंगनं तो कागद उकंडरावांपुढं धरला.

उकंडरावांनी आयुष्यात लाखो पत्रं हाताळली होती, पण दुसऱ्याचं एकही वाचलं नव्हतं. हे त्यांनी वाचलं.

"'दौलत, डबा भेटला. लाडू गोड व्हते. बायको घरी नाई तरी तू केले, मले मालूम होतं तू धाडशीन. मी साऱ्याईले दाखवले, मेहरबीले दोन देल्ले, थे रोज मले देते. भांडं रिकामं कसं धाडू, म्हनून पाव ठेवला, खाऊन घेजो. तुही माय, चंपाबाई.'"

दौलतसिंग खाली बसला. ओल्या-वाळल्या चुन्याला पाठ टेकवून बसला आणि लहान लेकरासारखा रडला. "मले येतच नाई जी काई कराले," एवढंच तो म्हणत होता. "रोज तुमचे डबे कठड्यावर रांगेत लावतो. मायले सांगू कसं, का मले भाकर येत नाई."

रविवारची गाडी, गप्प गप्प परत येणं, फुटाणे... उकंडरावांच्या हातात सगळी पत्रं होती आणि त्यांनी ती निवडलीच नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

हेडमास्तरांनी अर्ज पूर्ण खिशात सारला. मग हबीबजवळ जाऊन ते अवघडून म्हणाले, "हबीबभाई, माझं चुकलं. हे उद्या साऱ्या गावापुढं बोलतो."

"बोला," हबीब म्हणाला. "जरूर बोला."

त्यानं दौलतसिंगला जवळ घेतलं नाही. माफ केलं असंही म्हणाला नाही. यान मात्र नीट फडक्यात बांधून त्याच्याच हातात दिलं. "प्रदर्शन झालं का माह्या दुकानात आन," तो म्हणाला, आणि टोपी सारखी करून निघून गेला.

६

शनिवारी हेडमास्तर माइकवर बोलले, यानाला तिसरं बक्षीस मिळालं, आणि लाडू नसल्यामुळं साहेबांनी आत पाहून विचारलं की वर पाव पाठवतात का. खडसे सर हो म्हणाले.

सोमवारी पावणेसातला उकंडराव वच्छलाचा डबा घेऊन कठड्याशी आले. दौलतसिंग आधीच उभा होता. त्याच्या पुढ्यातल्या डब्याला लाल पट्टा होता, आणि तीन पाय मुळापासून कापून हबीबनं बुड घासून गुळगुळीत केलं होतं.

"दाखव," उकंडराव म्हणाले.

आत दोन भाकरी होत्या. जाड, कडेला फाटलेल्या, एकीकडून करपलेल्या.

"अख्तरीनं शिकवलं," दौलतसिंग म्हणाला. "हबीबभाईनं सांगतलं तिले. माह्याशी अजून बोलत नाई."

"बोलंन. बांध ते लवकर."

गाडी आली. हबीबही आला, मेहरबीचा डबा घेऊन. कोणाकडंही न पाहता त्यानं कठड्यावरचे डबे कंडक्टरला द्यायला हात पुढं केला. लाल पट्ट्याच्या डब्याशी तो जरा थांबला, गाठ ओढून पाहिली, सैल होती ती पक्की केली, आणि तो डबा सगळ्यात आधी आत दिला.

आत कंडक्टर मोठ्यानं मोजत होता. बारा.